आयडी फॅनचा आवाज बॅलन्सिंगनंतरही परत येतो? आधी सायक्लोनचा तळ तपासा

आधी दुखणं सांगतो. बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून चिमणीत फेकणारा पंखा, उघडून साफ केला, बॅलन्स केला की पाच-सहा आठवडे छान चालतो. मग एखाद्या सकाळी घरघर सुरू होते. चार दिवसांत प्लमर ब्लॉकवर (शाफ्टचं बेअरिंग ज्यात बसतं त्या घरावर) हात ठेववत नाही इतकी थरथर येते आणि आपण पुन्हा बॅलन्सिंगवाल्याला फोन लावतो. आमच्याकडे हे चक्र दोन वर्षं चाललं. त्यात दोनदा बेअरिंग गेली, एकदा शाफ्ट बदलावा लागला, आणि प्रत्येक वेळी डाईंगची पाळी थांबली ती वेगळीच. आमच्या फिटर अण्णांची मातृभाषा तेलुगू. ते सकाळी गेटातून आत आले की आधी कान टवकारायचे आणि एवढंच म्हणायचे, "मळ्ळी वच्चिंदी." पुन्हा आलं.

कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचं प्रोसेस हाऊस. बॉयलर ३ टनी (तासाला ३ टन वाफेचा), इंधन लाकूड आणि बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, दाबलेल्या ब्रिकेट. फॅन बेल्टवर चालणारा, १४५० आरपीएम, मागे कललेली १० पाती, इम्पेलरचा, म्हणजे पाती असलेल्या फिरत्या चाकाचा, व्यास ७६० मिमी. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण टॉवेल-चादरीच्या धंद्यात घन इंधनाचा बॉयलर असलेल्या बहुतेकांची मांडणी अशीच असते: बॉयलर, मग राख पकडायला सायक्लोन, मग आयडी फॅन, मग चिमणी. साखर कारखान्यात हेच सगळं मोठ्या मापात असतं.

आम्ही पहिल्यांदा जे चुकलो ते आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आवाज होतोय ना, मग तो झाका, असं म्हणून फॅनभोवती पत्र्याची खोली केली, आतून ग्लासवूल लावलं. आवाज थोडा बसला. पण मे महिना होता, बाहेर ४२ अंश, आत चिमणीची धग. मोटर इतकी तापली की ओव्हरलोड पडून ती बंद व्हायला लागली. आठव्या दिवशी दोन बाजूंचे पत्रे काढावे लागले. फॅनभोवती खोली करायचीच असेल तर मोटर बाहेर ठेवा, नाहीतर हवा आत-बाहेर जायला आवाज अडवणारी वाट ठेवा. आणि खोली हा शेवटचा उपाय आहे. आतलं दुखणं तसंच ठेवून वर पांघरूण घातलं तर घरघर ऐकू येत नाही आणि बेअरिंग मात्र आत मरत राहतं.

आधी आवाज ओळखा

"फॅनचा आवाज" असा एकच आवाज नसतो. आमच्या फॅनमध्ये तीन आवाज एकावर एक बसले होते आणि आम्ही त्यांना एकच समजत होतो. ते सोडवायला लागणारी पहिली चाचणी फुकट आहे. फॅन पूर्ण वेगात असताना मोटरचा सप्लाय तोडा आणि ऐका. बॉयलर आधी बँक करून, म्हणजे आग दाबून घ्या, आग पेटती असताना हे करू नका. सप्लाय तुटल्या क्षणी जो आवाज गायब होतो तो विजेचा: मोटरची गुणगुण, ड्राइव्हची (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीची) शिट्टी. जो वेगाबरोबर हळूहळू खाली उतरतो तो हवेचा किंवा फिरणाऱ्या भागांचा. फॅन थांबता थांबता मध्येच एका विशिष्ट वेगाला जो एकदम मोठा होऊन पुन्हा कमी होतो तो रेझोनन्स, म्हणजे डक्टचा (धूर नेणाऱ्या पत्र्याच्या नळाचा) पत्रा किंवा स्टँड त्या वेगाला साथ देतोय.

दुसरी चाचणी मोबाइलवर. आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट अ‍ॅप असतात, त्यात फ्रिक्वेन्सी बघा. मोबाइलचे डेसिबल अचूक नसतात, पण शिखर कुठे आहे हे बऱ्यापैकी कळतं. १४५० ला ६० ने भागलं की २४. म्हणजे आमच्या फॅनला २४ हर्ट्झची थरथर असेल तर ती बॅलन्सची. इतकी खोल थरथर मोबाइलचा माइक नीट पकडत नाही, ती हाताला किंवा व्हायब्रेशन मीटरला कळते. पातींची संख्या १०, त्याला २४ ने गुणलं की साधारण २४०. तिथे शिखर असेल तर ते पाती केसिंगच्या (फॅनच्या बाहेरच्या कवचाच्या) टंगजवळून, म्हणजे इम्पेलरच्या सगळ्यात जवळ येणाऱ्या कडेजवळून, जाताना होणारं गुणगुणणं. ही भोंग्यासारखी एकसुरी लय लांबवर जाते आणि माणसाला तीच जास्त छळते. ठरावीक शिखर नसून नुसता भस्स असा पसरट आवाज असेल तर तो हवेच्या खळबळीचा.

मीटरवर आकडे घेतले तर बेरजेचा हिशेब लक्षात ठेवा. एकसारखे दोन आवाज एकत्र आले की फक्त ३ डेसिबल वाढतात. एक ९५ चा आणि दुसरा ८५ चा असेल तर ८५ वाला पूर्ण बंद करूनही अर्धा डेसिबलसुद्धा उतरत नाही. म्हणून सगळ्यांत मोठा आवाज आधी. आम्ही बेल्ट बदलत बसलो होतो तेव्हा हेच विसरलो होतो.

घरघर परत का येते

बॅलन्सिंगवाला दर वेळी काम चोख करून जायचा, रीडिंग दाखवून जायचा. मग सहा आठवड्यांत बिघडतं काय? उत्तर इम्पेलर उघडला की समोरच होतं, आम्ही ते खरवडून फेकत होतो. पातींच्या पाठीवर राखेचा थर. मागे कललेल्या पातींच्या पाठीला हवा नीट चिकटून जात नाही, तिथे बारीक राख बसते. थर सगळीकडे सारखा असला तर फॅन तक्रार करत नाही. पण एखाद्या पातीचा पापुद्रा सुटून पडला की बॅलन्स गेला. हिशेब करून बघा: ३५० मिमी त्रिज्येवर १०० ग्रॅमचा पापुद्रा, १४५० आरपीएम. बेअरिंगला बसणारा हिसका सुमारे ८२ किलोचा, आणि तो सेकंदाला २४ वेळा, दर वेळी नव्या दिशेने. १०० ग्रॅम म्हणजे चहाच्या दोन-तीन बिस्किटपुड्यांएवढं वजन.

मग खरा प्रश्न असा की सायक्लोन असताना इतकी राख फॅनपर्यंत पोचते कशी? सायक्लोन कंपनीने बसवला तेव्हा फॅन वर्षानुवर्षं न उघडता चालत होता, हे जुने फायरमन सांगायचे. त्यांचं ऐकायला आम्ही उशीर केला. आणखी एक खूण डोळ्यासमोर होती: पावसाळ्यात घरघर सहा आठवड्यांऐवजी तीन-चार आठवड्यांत यायची.

एका रविवारी अण्णांनी देव्हाऱ्यासारखी उदबत्ती पेटवली आणि सायक्लोनच्या हॉपरखाली, म्हणजे राख साठते त्या नरसाळ्याखाली, उकिडवे बसले. हॉपरच्या तोंडाशी दुहेरी फ्लॅप असतो, राख खाली सोडायची पण हवा वर जाऊ द्यायची नाही हे त्याचं काम. फॅन चालू होता. उदबत्ती फ्लॅपच्या कडेला नेली आणि धुराची दोरी सरळ आडवी होऊन फटीतून आत गेली. बोटभर लांबीची फट. फ्लॅपची कड झिजलेली, वजनाचा दांडा वाकलेला. तो नीट बसतच नव्हता.

सायक्लोनमध्ये राख भिंतीला घासत खाली उतरते आणि मधल्या भोवऱ्यातून साफ वायू वर जातो. तळाशी जिथे राख गोळा होते तिथेच आत ओढणारा दाब सगळ्यात जास्त असतो. तळातून बाहेरची हवा शिरली की ती खाली उतरलेली राख पुन्हा उचलते आणि मधल्या भोवऱ्यात घालून सरळ फॅनकडे पाठवते. फट लहान दिसते, पण सायक्लोनची राख पकडण्याची ताकद तिथेच संपते. शिवाय ही फुकटची हवा फॅनला जास्तीची ओढावी लागते, म्हणजे डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) जास्त उघडा, करंट जास्त, आवाजही जास्त.

पावसाळ्याचं गणितही यातच होतं. उघड्यावर भिजलेलं लाकूड, साप्ताहिक सुट्टीनंतर थंड पडलेलं केसिंग, सकाळी पेटवल्यावर ओला वायू थंड पात्यांना लागतो आणि त्याचं पाणी होतं. राख आणि पाणी मिळून चिखल. तो वाळला की सिमेंटासारखा घट्ट, आणि तुटतो तेव्हा मोठ्या तुकड्याने.

केलेले उपाय असे. फ्लॅपच्या दोन्ही कडा नव्या केल्या, दांडा सरळ केला, हॉपरमध्ये राख साचू न देता पाळीला दोनदा काढायचा नियम केला, कारण हॉपर वरपर्यंत भरला तरी सायक्लोन तसाच निकामी होतो. सायक्लोन ते फॅन मधल्या फ्लँजचे, म्हणजे डक्टच्या जोडांतले, हवा अडवणारे सगळे दोर बदलले. केसिंगच्या तळाचं ड्रेनचं भोक राखेने बुजलं होतं ते मोकळं केलं. लाकडावर पत्र्याची शेड घातली. त्यानंतर इम्पेलर एकदाच शेवटचा साफ करून बॅलन्स केला. ज्यांच्याकडे ऑक्सिजन मीटर आहे त्यांनी सायक्लोनच्या आधी आणि नंतर रीडिंग घ्यावं. नंतरचा आकडा वाढलेला दिसला तर मधे कुठेतरी हवा शिरते आहे, उदबत्तीने जागा शोधा.

फॅन उघडताना एक गोष्ट जीवावर बेतू शकते म्हणून लिहितो. मेन स्विच बंद करून कुलूप लावलं तरी चिमणीच्या ओढीने इम्पेलर आपोआप फिरतो. आत हात घालण्याआधी डॅम्पर बंद करा आणि इम्पेलर दोरखंडाने किंवा लाकडी ठोकळ्याने अडकवा. बॅलन्सचं वजन वेल्ड करताना अर्थची क्लिप इम्पेलरवरच लावा. ती फाउंडेशनला लावली तर वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक खड्डे पडतात आणि महिन्याभरात नवा खरखराट सुरू होतो. आमचं एक बेअरिंग बहुधा असंच गेलं.

बाकीची झाडाझडती

बेल्ट: सुरू करताना किंचाळत असेल तर ढिला आहे. दर मीटर अंतराला १६ मिमी दबेल एवढा ताण ठेवा. पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा. जुन्या बेल्टांत एकच नवा बेल्ट घालू नका, सगळा ताण त्या एकट्यावर येतो.

बेअरिंग: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. गुळगुळीत सळसळ ठीक, टकटक किंवा खरखर वाईट. ग्रीस जास्त भरलं तरी बेअरिंग तापतं. दोन्ही प्लमर ब्लॉकमध्ये लोकेटिंग रिंग (बेअरिंग जागेवर जखडणारी कडी) टाकली आहे का तेही बघा. रिंग एकाच बाजूला हवी. मीटरभराचा शाफ्ट ८० अंशांनी तापला की जवळजवळ १ मिमी वाढतो. त्याला सरकायला जागा नसेल तर दोन्ही बेअरिंग एकमेकांवर दाबली जातात आणि तापल्यावरच शिट्टी सुरू होते. थंड असताना सगळं ठीक, दुपारी आवाज, अशी तक्रार असेल तर हे आधी तपासा.

फाउंडेशन: एकेक बोल्ट थोडा सैल करून हात लावा. एखादा सैल केल्यावर पाय वर उचलला गेला तर त्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) कमी आहे. फॅन आणि डक्टच्या मधला कापडी जोड फाटला की लोक पत्रा वेल्ड करून टाकतात. तसं करू नका, फॅनची सगळी थरथर डक्टला जाते आणि डक्ट ढोलासारखा वाजतो.

आणि मोटर रिवाइंड होऊन आली असेल तर आधी फिरण्याची दिशा बघा. दोन फेज उलट जोडल्या गेल्या तर सेंट्रिफ्यूगल फॅन उलटा फिरतो, तरीही हवा त्याच बाजूने फेकतो. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हवा कमी, आवाज जास्त, आणि सगळे डॅम्परला दोष देत बसतात. केसिंगवर बाणाची खूण रंगवून ठेवा.

रात्रीची गुणगुण

घरघर थांबली तेव्हा आम्हाला वाटलं काम झालं. मग मागच्या गल्लीतल्या एक मावशी आल्या. घरी विड्या वळतात, सून बाळंतीण होऊन आलेली. म्हणाल्या, "दादा, दिवसा ठीक हाय, पण रात्री दार लावलं तरी भिंतीतनं येतंय की हो. बाळ दचकून उठतंय." मी त्या रात्री साडेअकराला त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. फॅनजवळ मला जो आवाज इतर आवाजांत कळतही नव्हता तो तिथे एकटा ऐकू येत होता. एकसुरी, न थांबणारा. मोबाइलवर शिखर २४० च्या आसपास. आपण कारखान्यात उभं राहून आवाज मोजतो, शेजाऱ्याच्या उशाशी जाऊन ऐकत नाही.

नियमही त्याच अंगणात लागू होतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल आहेत, पण निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. कुंपणाच्या आत आपण नियमात असलो तरी भिंतीपलीकडे नसतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० ची मर्यादा आहे ती वेगळी.

रात्री आवाज वाढण्याचं एक कारण शांतता, पण दुसरं आमच्या हातातलं होतं. रात्री वाफेची मागणी कमी, म्हणून फायरमन डॅम्पर पाव उघडा ठेवायचा. फॅन मात्र पूर्ण १४५० वर. म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकने वेग सांभाळायचा. अर्धवट बंद डॅम्परमागे हवा फाटते, तीच फाटलेली हवा पात्यांवर आदळते.

इथे ड्राइव्ह बसवणं हाच खरा इलाज आहे असं माझं ठाम मत आहे, आणि घन इंधनाच्या प्रत्येक बॉयलरवर तो असावा. वेग २० टक्क्यांनी उतरवला की फॅनचा आवाज साधारण ५ डेसिबल उतरतो आणि वीज जवळजवळ अर्धी लागते, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाने बदलते. डॅम्पर पूर्ण उघडा, वेग ड्राइव्हने सांभाळायचा. पण दोन पथ्यं पाळा. फर्नेसचा ड्राफ्ट मायनसमध्येच राहिला पाहिजे, म्हणजे भट्टीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी हवा, नाहीतर दार उघडताना ज्वाळा माणसाच्या तोंडावर येते. वेग किती उतरवायचा हे ड्राफ्ट गेज सांगेल, कान नाही. दुसरं, वेग बदलताना ड्राइव्हच्या ३४ हर्ट्झच्या आसपास आमचा डक्ट ढोल वाजवायचा. ड्राइव्हमध्ये तेवढा पट्टा वगळायची सोय असते, ती वापरली, आणि डक्टच्या सपाट पत्र्यावर तिरप्या पट्ट्या वेल्ड केल्या. ड्राइव्ह बसवल्यावर मोटर बारीक शिट्टी वाजवू लागली तर ड्राइव्हच्या सेटिंगमधली कॅरियर फ्रिक्वेन्सी थोडी वाढवा. त्याने ड्राइव्ह थोडा जास्त तापतो, म्हणून पॅनेलचा पंखा साफ ठेवा.

तरीही थोडी गुणगुण उरली. केसिंग उघडून टंग आणि इम्पेलरमधलं अंतर मोजलं: जेमतेम ४० मिमी, म्हणजे व्यासाच्या ५ टक्के. कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी जास्त दाब मिळावा म्हणून टंग पुढे आणली असावी. अंतर कमी तेवढा प्रत्येक पातीचा फटका जोरात. आम्ही टंग कापून अंतर ८० मिमीच्या जवळ नेलं, धार गोल केली आणि कड थोडी तिरपी ठेवली, म्हणजे पातीची पूर्ण रुंदी एकाच क्षणी टंगसमोरून जात नाही. दाब किंचित कमी झाला, आमच्या कामाला पुरला. तुमचा फॅन आधीच शेवटच्या ताकदीवर चालत असेल तर हे करण्याआधी फॅनवाल्याला विचारा.

फॅनच्या तोंडाशी लगेच एल्बो, म्हणजे डक्टचं वळण, असेल तर तोही पाहा. वळणावरून आलेली हवा इम्पेलरच्या एकाच बाजूला जास्त भरते. जागा असेल तर मधे तीन ते पाच व्यास सरळ डक्ट द्या, नसेल तर एल्बोच्या आत वळवणाऱ्या पट्ट्या बसवा. आमच्याकडे जागा नव्हती, पट्ट्या बसवल्या.

सायलेन्सरबद्दल खूप जण विचारतात. रॉकवूल आणि भोकांचा पत्रा असलेला सायलेन्सर स्टेंटरच्या (कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनच्या) किंवा ह्युमिडिफिकेशनच्या स्वच्छ हवेला उत्तम. बॉयलरच्या राखेत त्याची भोकं बुजतात आणि काही महिन्यांत तो नुसता पाइप उरतो. एका सुरासाठी बाजूला बंद नळी जोडायची पद्धतही आहे, जिची लांबी त्या आवाजाच्या लहरीच्या लांबीच्या पाव असते. २४२ हर्ट्झला साध्या हवेत ती ३५ सेंमी होते, पण १५० अंशांच्या वायूत आवाज जास्त वेगाने जातो म्हणून ४२-४३ सेंमी लागते. थंड हवेच्या मापाने बनवलेली नळी गरम चिमणीवर काम करत नाही. आणि वेग ड्राइव्हने बदलत असेल तर सूरही बदलतो, मग ही नळी बसवण्यात अर्थ नाही. आम्ही बसवली नाही.

आता फॅनशेजारी एक वही टांगलेली आहे. दर सोमवारी पेटवल्यानंतर तासाभराने: दोन्ही ब्लॉकचं तापमान, थरथर, करंट, ड्राइव्हचे हर्ट्झ, ड्राफ्ट. दर शनिवारी फ्लॅपला उदबत्ती. शेवटचं बॅलन्सिंग होऊन चौदा महिने झाले. मागच्या महिन्यात थरथरीचा आकडा दोन आठवडे सलग थोडा चढलेला दिसला. अण्णांनी फॅन उघडायच्या आधी फ्लॅप बघितला. खिळ्याएवढा लाकडाचा तुकडा कडेत अडकला होता. तो काढला, पुढच्या सोमवारी आकडा चढायचा थांबला.